पाल्यास ताप असल्यास

मेसेज आला तेव्हा पावणेदहा वाजले असतील. मी नुकतीच काउंटरवर बसले होते, पतसंस्थेत ऑडिटची माणसं येणार म्हणून सगळ्यांची धावपळ चाललेली, आणि फोन थरथरला. वर्गाच्या ग्रुपवर मॅडमनी टाकलं होतं, ‘सर्व पालकांना सूचना. पाल्यास ताप, उलटी, जुलाब किंवा अंगावर पुरळ असल्यास कृपया शाळेत पाठवू नये. ताप उतरण्याचे औषध देऊन शाळेत पाठवू नये.’ खाली दोन जोडलेले हात. मी वाचलं आणि फोन पालथा घातला. कारण दीड तासापूर्वी मी नेमकं तेच केलं होतं.

सकाळी लेकीला उठवताना मान गरम लागली. थर्मामीटर लावला तर १००.४. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, तो साडेपाचलाच चाकणला निघून गेलेला. सासूबाई गावी. शेजारच्या काकूंकडे एकदा ठेवलं होतं तिला, पण त्यांचंच गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. मला वाटतं मी ओट्यापाशी जेमतेम दोन मिनिटं उभी राहिले असेन, दूध उतू जाऊ नये म्हणून एक हात गॅसच्या बटणावर, आणि दुसऱ्या हाताने मी फ्रीजच्या दारातलं ते स्ट्रॉबेरीच्या वासाचं सिरप काढलं. टोपणाने मोजून दिलं. लेक म्हणाली, “आई मला बरं नाही वाटते का?” म्हणजे ती मलाच विचारत होती, आपल्याला बरं नाहीये का ते, सात वर्षांच्या मुलीला ते आईनेच सांगायचं असतं ना. मी म्हटलं काही नाही गं, थोडं अंग कोमट आहे, दुपारपर्यंत ठीक होशील. वेणी घालताना कपाळाला घाम फुटायला लागला होता आणि मला खरंच बरं वाटलं, की औषध लागू पडतंय.

ग्रुपवर एकेक करून अंगठे पडत होते. ‘ओके मॅडम.’ ‘हो मॅडम.’ ‘धन्यवाद मॅडम.’ मी पण अंगठा टाकला.

त्या अंगठ्याचं मला अजून वाईट वाटतं.

बारा वाजता शाळेतून फोन आला, अंग गरम लागतंय, येऊन घेऊन जा. संध्याकाळी तोंडात दोन-तीन फोड, रात्री तळहातावर आणि तळपायावर लालसर ठिपके. डॉक्टरांनी हात बघताक्षणी सांगितलं, हँड फूट माउथ आहे, पावसाळ्यात दरवर्षी येतं, घाबरू नका, आठ दिवसांत आपोआप जाईल, पाणी पाजत राहा, तिखट-आंबट देऊ नका, शाळा बंद. मग सहज म्हणावं तसं म्हणाले, “हे पहिल्या आठवड्यात जास्त पसरतं. फोड दिसायच्या आधी नुसता ताप असतो ना, तेव्हासुद्धा.” मी मान हलवली. सिरपने ताप उतरतो, विषाणू आहे तिथंच असतो, थुंकीत, नाकात, हातांना, हे काय मला माहीत नव्हतं असं नाही. पण सकाळी सव्वाआठला माणूस थर्मामीटरचा आकडा खाली आणायच्याच मागे असतं.

पाचव्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी मुलगी आजारी पडली.

आता तिला माझ्या लेकीकडूनच लागण झाली असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, त्या पंधरवड्यात वर्गातली पाच-सहा मुलं घरी होती. पण बाक एक, बाटली एक (मुली पाण्याच्या बाटल्या अदलाबदल करतात, कितीही ओरडा), खोडरबर एक. मला हिशोब लागत होता. मॅडमनी परत एक सूचना टाकली, ‘आपल्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना हात-पाय-तोंडाचा संसर्ग झाला आहे. हात साबणाने धुण्याची सवय लावावी, केवळ सॅनिटायझरवर अवलंबून राहू नये.’ कुणाचं नाव नाही. नावं न लिहिण्यात मॅडमचा चांगुलपणाच आहे, मागे उवांच्या वेळी पण त्यांनी असंच लिहिलं होतं, ‘काही मुलींच्या केसांत’. त्या दिवशी ग्रुपवर एकही अंगठा पडला नव्हता. सगळ्या आया बारीक दातांची फणी घेऊन आपापल्या गॅलरीत बसल्या असणार. मी तर बसलेच होते, आणि लिखा दिसल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते ‘कुणाची लागण झाली हिला’. आपली दुसरीला होत असेल हे मनात आलं नाही.

सूचना वाचताना असं का होतं मला कळत नाही. ती सगळ्यांना असते म्हणूनच ती आपल्याला आहे असं वाटत नाही.

आमच्या लहानपणी सूचना फळ्यावर असायची. कऱ्हाडजवळच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. शाळा सुटायच्या आधी बाई फळ्यावर लिहायच्या, आम्ही ते वहीत उतरवायचं आणि खाली घरच्यांची सही आणायची. नखं कापून येणे. गुरुवारी डॉक्टर तपासणीला येणार आहेत. उद्या घरून ताटली आणणे. माझी आई तिसरीपर्यंत शिकलेली, सही यायची, पण वाचणं म्हणजे अक्षर अक्षर जोडत जायचं, आणि दिवसभर शेतात राबून आल्यावर चुलीपुढे कंदिलाच्या उजेडात तेवढं करणार कोण. म्हणून सूचना मीच वाचून दाखवायचे आणि ती सही करायची. १९९३ ची गोष्ट, मी चौथीत. बाईंनी लिहिलं, ‘उद्या धनुर्वाताचे इंजेक्शन देण्यात येणार आहे. सर्वांनी हजर राहावे.’ दहाव्या वर्षी द्यायचं असायचं ते (आता त्या वयाला टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते). वर्गात मोठ्या पोरांनी सुई केवढी असते ते हातभर करून दाखवलं होतं. मी घरी आले, वही उघडली आणि आईला वाचून दाखवलं, “उद्या शाळेला सुट्टी आहे.” तिने भाकरीचं पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि सही केली. त्या ओळीच्या बरोबर खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला नर्सबाई घरी आल्या. खांद्याला लशीचा निळा डबा, आत बर्फ, बरोबर सायकलवाले आरोग्यसेवक. गावात गैरहजर मुलं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यांच्या घरोघरी जाऊनच देत होते. स्पिरिटचा वास अंगणात पसरलेला मला आत्ताही आठवतो, आणि सुई टोचण्याआधी दंडावर तो कापूस गार लागतो ते. इंजेक्शनचं काहीच वाटलं नाही. नर्सबाई गेल्यावर आईने वही मागितली. जमिनीवर बसली, बोट ठेवून ठेवून वाचायला लागली, “ध-नु-र्वा-ता-चे.” पूर्ण ओळ वाचली. मला वाटलं आता मारणार. तिने मारलं नाही. एवढंच म्हणाली, “मला वाचाया येत न्हाई म्हणून तू मला फशिवलंस व्हय?”

त्यानंतर प्रत्येक सूचना ती स्वतः वाचायची. कितीही वेळ लागो. शेजारच्या बायका हाका मारायच्या, चूल विझायला यायची, ती बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत जायची आणि मगच सही करायची. पुढे मी सातवीत जाईपर्यंत ती पेपरातल्या मोठ्या बातम्या वाचायला लागली होती. हे सगळं एका इंजेक्शनपायी झालं असं मी म्हणत नाही, पण मला ते तसंच आठवतं.

त्याच गावात चावडीच्या मागच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली एक ओळ होती, माझ्या लहानपणी निम्मी पुसट झालेली. देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. आम्ही पोरं ती जोरजोरात वाचायचो आणि मला कितीतरी दिवस वाटायचं की देवीचा रोगी म्हणजे देवळातल्या देवीचा कुणीतरी माणूस. आजीने दंड उघडा करून दाखवला तेव्हा कळलं, देवी हा साथीचा रोग, आणि दंडावर त्याच्या लशीचे दोन गोल चकत्यांसारखे व्रण, कातडी आत ओढलेली. तिच्या धाकट्या भावाला देवी येऊन गेल्या होत्या, तो वाचला, पण एक डोळा गेला. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे आम्ही जन्मायच्या आधीच ते सगळं संपलेलं, राहिली होती ती भिंतीवरची ओळ.

या ऑगस्टमध्ये लेकीच्या उशाशी बसून मी त्या ओळीचा फार विचार केला. तिला थंड दूध चमच्याने पाजायचं, तोंडातल्या फोडांमुळे ती घोट घोट करून रडायची, आणि मधल्या वेळात मी नुसती बसलेली. त्या काळी रोगी लपवू नका एवढंच सांगून थांबले नव्हते. देवीचा रोगी घरात आहे हे सांगितलं की वाळीत पडायची भीती, लस टोचायला माणसं येणार, घराबाहेर पहारा बसणार, तर कुणी आपणहून कशाला सांगेल. म्हणून हजार रुपये. त्या काळचे हजार रुपये. आणि आता आपण म्हणतो ताप असेल तर पाठवू नका, आणि ते बरोबरच आहे, शंभर टक्के बरोबर आहे, पण मूल घरी ठेवायचं म्हणजे कुणीतरी घरी राहायचं, त्या दिवसाचं काय करायचं हे सूचनेत कुठंच नसतं. सूचना लिहिताना कुणाच्यातरी डोळ्यापुढे असं एक घर असतं जिथं दुपारी कोणीतरी असतंच.

माझं तरी बरं. माझ्या वर्षाला आठ किरकोळ रजा, त्यातल्या तीन संपलेल्या, पाच होत्या. मी ऑडिटच्या दिवशी फोन करून सांगितलं असतं तर साहेब चिडले असते, बोलले असते, पण पगार कापला नसता. मी बोलणी खायला घाबरले. चौथीत सुईला घाबरले होते तशीच.

त्या शेजारच्या मुलीची आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. सकाळी सहा ते अकरा आणि परत संध्याकाळी. तिच्या मालकाला कळलं की मुलीला हातापायाला फोड आलेत तेव्हा त्याने सांगितलं आठ दिवस येऊ नकोस, खाण्याच्या जिनसा आहेत. त्याचंही चूक म्हणता येत नाही, बरी झाल्यावरही हा विषाणू मुलांच्या शौचातून बरेच दिवस बाहेर पडत असतो आणि लहान मुलाचं सगळं आईच्याच हातावर असतं. पण आठ दिवस म्हणजे आठ दिवसांचे पैसे. हे मला शाळेच्या गेटवर कळलं, मुली परत यायला लागल्या त्याला तीन-चार आठवडे झाल्यावर. पाऊस नुकताच थांबलेला, गेटसमोर रिक्षा, चिखल, भिजलेल्या दप्तरांचा तो कुबट वास, आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी विचारलं, आता कशी आहे. “आता बरी हाय. नखं निघाली बगा हिची दोन, मी तर घाबरलेच, डॉक्टर म्हनले व्हतं तसं, परत येत्यात.” माझ्या लेकीची पण निघत होती. आम्ही दोघींनी मुलींचे हात शेजारी शेजारी धरून बघितले, छोटी छोटी नखं मुळातून पांढरी होऊन सुटलेली, आणि खालून नवीन कोवळं नख. मुली खुशीत होत्या, कुणाचं जास्त निघालंय यावर त्यांची पैज.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्याआधी तीच बोलली, “खरं सांगू का ताई, पयल्या दिवशी मी बी सिरप देऊनच पाठवली व्हती. काय करनार. खाडा केला की कापत्यात.” आणि ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतेय म्हणून.

मी म्हटलं, “मी पण.” एवढंच. तारीख सांगितली नाही, तुझ्या मुलीच्या आधी पाच दिवस हे सांगितलं नाही. तिने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि हसली. आणि मला तिचं ते हसणं घेऊन घरी यावं लागलं.

माझी नणंद सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्याकडे मी हे सगळं बोलले. ती म्हणाली आम्हाला काय माहीत नसतं का, सकाळी प्रार्थनेला तोंडं बघितली तरी कळतं कोण औषध पिऊन आलंय, दहा वाजता गाल एकदम लाल होतात, मूल बाकावर डोकं टेकतं. कुणाला ओरडणार? काही मुलं शाळेत आली तर दुपारी वरण-भात तरी पोटात जातो, घरी ठेवलं तर तेही नाही. तिने मग २०१८ ची गोष्ट सांगितली. नोव्हेंबरच्या शेवटी गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली होती, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना लस, आणि मोबाईलवर काय काय फिरत होतं, कुणी म्हणे मुलं बेशुद्ध पडतात, कुणी म्हणे पुढे मूलबाळ होणार नाही. तिने पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या, सभा घेतली, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावलं, तरी निम्म्या आया गप्प. मग लसीच्या दिवशी तिने स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला आणून रांगेत पहिला उभा केला. सगळ्यांसमोर. तो भोकाड पसरून रडला, अर्धा तास खोलीत बसवून ठेवला, मग अंगणात खेळायला लागला. आया खिडकीतून बघत होत्या. “चिठ्ठीला कोण विचारतं वहिनी,” ती म्हणाली, “त्यांना माझं पोरगं बघायचं होतं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण मी ग्रुपवरच्या सूचना मागे जाऊन जाऊन वाचायला लागले होते, जूनपासूनच्या. उद्या जंतनाशक गोळी, गोळी चावून खायची आहे, मूल आजारी असल्यास त्या दिवशी देऊ नये, नंतरच्या फेरीत मिळेल. आरोग्य तपासणीची गाडी येणार, डोळे-कान-दात (त्या तपासणीत आमच्या वर्गातल्या एका मुलाला फळ्यावरचं दिसतच नाही हे कळलं, तोवर सगळे त्याला ढ समजत होते, मला त्या मुलाच्या आईचा चेहरा विसरता येत नाही). घराजवळ साठलेलं पाणी ओता. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. एक जुनी सूचना सापडली, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने २०२४ च्या सुरुवातीला काढलं त्यानंतरची. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. खरंच पुरी होते, लेक आता स्वतःहून उठते. पण आधी सातची शाळा होती तेव्हा तिला सोडून यायला वेळ असायचा, आता नऊची शाळा आणि साडेनऊचं माझं ऑफिस, सगळं एकावर एक येतं. तेही मॅडमनी शांतपणे लिहिलेलं, ‘पालकांनी सहकार्य करावे.’ तीस-पस्तीस सूचना, आणि एकाही सूचनेखाली कुणा पालकाने लिहिलेलं नाही की माझ्या मुलाला झालंय. अंगठे फक्त.

सप्टेंबरच्या शेवटी लेकीला परत ताप आला. साधाच, सर्दीचा, पण आकडा १०१. परत नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट. डबा भरून झाला होता, दप्तर दाराशी. मी साहेबांना फोन केला. ते बोलले, बरंच बोलले, मी ऐकून घेतलं. मग मॅडमना कळवलं, ताप आहे, आज येणार नाही, कालपासून खोकलाही आहे. त्यांनी लगेच उलट फोन केला, कधीपासून, पुरळ आहे का, पाणी पितेय का, आणि शेवटी म्हणाल्या, “कळवलंत ते फार बरं केलंत.” त्यांचा आवाज थकलेला होता. मागे मुलांचा गलका.

दहाच्या सुमाराला ग्रुपवर सूचना पडली. ‘वर्गातील एका विद्यार्थिनीस ताप व खोकला आहे. इतर पालकांनी आपल्या पाल्याकडे लक्ष द्यावे.’ पाठोपाठ अंगठे. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, तिच्या श्वासाची वाफ माझ्या हाताला लागत होती. तेवढ्यात वेगळा मेसेज आला, आवाजाचा. मागे लाटण्याची खटखट, कुणीतरी पोळ्या मोजतंय, आणि तिचा आवाज, “ताई, ती एक विद्यार्थिनी म्हंजी तुमची का? आमची सकाळपास्नं इचारतीया, ती का आली न्हाई म्हून मॅडमला इचार म्हन्ती. माझ्या पोरीकडं आता बगू का मी काय?”

मी ग्रुप उघडला आणि मॅडमच्या सूचनेखाली लिहिलं, ‘ती माझी मुलगी. कालपासून खोकला होता तरी काल पाठवली, चुकलं. शेजारी बसणाऱ्या मुलींनी आज-उद्या लक्ष ठेवा.’ मग तिला फोन लावला. ऑगस्टमधलं सांगायचं राहिलं होतं.